जाब आणि दाब : गव्हर्नरच्या बातमीत मिसळून जाणाऱ्या दोन गोष्टी

माझे वडील करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत टेस्टर होते. पहाटे साडेपाचला संस्थेचा दिवा लागायचा, किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी राहायची आणि आण्णा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना काढून फॅट बघायचे. फॅटवर दर, दरावर दहा दिवसांचं बिल आणि बिलावर घर, असं सगळं त्या एका आकड्यावर उभं असायचं.

एकदा गल्लीतल्या काकूंच्या दुधाला पाच-आठ फॅट लागली. त्यांची म्हैस साडेसहाच्या खाली कधी यायची नाही. काकू तिथंच उभ्या राहिल्या. "आण्णा, कसं काय ओ हे? माझ्यासमोर परत लावा बघू." मागची रांग खोळंबली, दोघं-तिघं कुरकुरले. आण्णांनी त्याच किटलीतलं दूध ढवळून नवा नमुना घेतला आणि काकूंना मशीनजवळ बोलावून आकडा दाखवला. सहा-चार. वहीतल्या पहिल्या आकड्यावर आडवी रेघ मारली, शेजारी नवा आकडा लिहिला, खाली सही केली.

त्यानंतर काही महिन्यांनी एका संचालकाचा माणूस संध्याकाळी आमच्या घरी आला. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. जाताना दारात चपला घालत तो म्हणाला, "आमच्या धाकट्याच्या दुधाला जरा बघून लावत चला. तुमच्या पगारवाढीचा विषय पुढच्या मीटिंगला हाय."

काकूंनी विचारला तो जाब. त्या माणसानं टाकला तो दाब. दोन्ही वेळा बोट आण्णांच्याच कामाकडं होतं, विषयही फॅटचाच होता. म्हणूनच लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात.

देशाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर राजकारण्यांच्या निशाण्यावर आला की नेमकी हीच गल्लत होते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर मी ती बरेचदा ऐकली आहे. एकजण म्हणतो, "निवडून आलेल्यांनी विचारायचं नाही तर मग कुणी विचारायचं? हा काय देव लागून गेला?" दुसरा म्हणतो, "बँकेच्या कारभारात पुढाऱ्यांनी हात घातला की वाटोळं ठरलेलं." दोघंही बरोबर बोलतात, पण पहिला जाबाबद्दल बोलत असतो आणि दुसरा दाबाबद्दल.

आधी जाब बघू. रिझर्व्ह बँकेला जाब विचारायची सोय कायद्यातच आहे. २०१६ मध्ये कायदा बदलून पतधोरण समिती आली. तिच्यात सहा सदस्य, तीन बँकेचे आणि तीन केंद्र सरकारनं नेमलेले. समसमान मतं पडली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. महागाई चार टक्क्यांवर ठेवायची, दोन टक्के इकडं-तिकडं चालतील, हे उद्दिष्ट सरकारनं ठरवून दिलं. त्यासाठी व्याजदर किती ठेवायचा हे मात्र समितीनं ठरवायचं. सलग तीन तिमाही उद्दिष्ट हुकलं तर बँकेनं सरकारला लेखी कळवायचं : का हुकलं, आता काय करणार, किती दिवसांत ताळ्यावर येईल. बैठकीत कुणी काय मत दिलं याचं इतिवृत्त चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होतं.

ही तरतूद नुसती कागदावर राहिली नाही. २०२२ च्या जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत महागाई सहा टक्क्यांच्या वर राहिली. ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली आणि सरकारला पत्र गेलं. ते पत्र मात्र तेव्हा लोकांसमोर आलं नाही. तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांचं म्हणणं होतं की, ते सरकारला लिहिलेलं पत्र आहे, जाहीर करण्याचा अधिकार बँकेला नाही. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. तेलाच्या डब्याचे आणि डाळीचे वाढलेले पैसे आम्ही मोजले, मग कारण सांगणारा कागद आमच्यापासून दूर का? काकूंना मशीनजवळ बोलावून आकडा दाखवला, म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्या मुकाट्यानं दूध घालून गेल्या.

इथं बँकेची बाजू घेणाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. स्वायत्ततेच्या आडोशाला उभं राहून जाब टाळणं बँकेनंही केलं आहे. माहिती अधिकारात बँकांच्या तपासणीची माहिती मागितली, तेव्हा ती विश्वासानं आमच्याकडं आली आहे, देता येणार नाही, असं रिझर्व्ह बँक सांगत होती. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये तो युक्तिवाद फेटाळला. नोटाबंदीनंतर १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घेता येणार नाहीत, असं फर्मान निघालं. ज्यांची सगळी खाती जिल्हा बँकेत आणि सोसायटीत, त्या आमच्या गावांचं त्या दिवसांत काय झालं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. बंद केलेल्या नोटांतल्या ९९.३ टक्के परत आल्या, हा पक्का आकडा बँकेच्या ऑगस्ट २०१८ च्या वार्षिक अहवालात आला. म्हणजे पावणेदोन वर्षांहून जास्त काळानं. मधल्या काळात संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं गव्हर्नर ऊर्जित पटेल यांना बोलावून प्रश्न विचारले. तो शंभर टक्के जाबच होता आणि तो विचारायलाच हवा होता.

आता दाब. दाबाला आरडाओरडा लागतोच असं नाही. आपल्याकडच्या कायद्यात सरकारच्या हातात दोन दोऱ्या आहेत. कलम ७ प्रमाणे सरकार गव्हर्नरशी सल्लामसलत करून जनहितासाठी बँकेला निर्देश देऊ शकतं. कलम ११ प्रमाणे गव्हर्नरला पदावरून दूरही करू शकतं. गव्हर्नरची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं आणि फेरनेमणूक सरकारच्याच हातात. आमच्या दारातल्या त्या माणसानं पगारवाढीचा विषय काढला होता, फॅट वाढवा असा हुकूम काही दिला नव्हता. फेरनेमणुकीची तारीख जवळ आली की गव्हर्नरलाही कुणी काही बोलायची गरज उरत नाही.

मराठी वाचकाला जवळचा असा एक प्रसंग सांगतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख पुढं अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. त्यांच्यानंतर अर्थखातं टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडं आलं. त्यांनी हुंड्यांवरचं, म्हणजे ज्या कागदांवर बँका रिझर्व्ह बँकेकडून उसने पैसे घेत त्यांवरचं, मुद्रांक शुल्क वाढवलं. त्यामुळं रिझर्व्ह बँकेनं न ठरवता त्या उसनवारीचा दर वर गेला. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी हरकत घेतली. अर्थमंत्र्यांच्या लेखी रिझर्व्ह बँक म्हणजे त्यांच्या खात्याचाच एक विभाग. पंतप्रधान नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये रामा राव राजीनामा देऊन बाहेर पडले. साडेसात वर्षं गव्हर्नर राहिलेला माणूस असा गेला. त्यांच्या कामाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं, हिशेबात चूक काढली नव्हती. बँकेचा आकडा मंत्र्यांना हवा तसा लावून घेतला गेला, एवढंच.

उघड भांडण म्हणजेही दाब नव्हे, हे लक्षात ठेवावं. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर डी. सुब्बाराव यांनी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उसने पैसे देते तो दर, कमी केला नाही, तेव्हा अर्थमंत्री पी. चिदंबरम जाहीरपणे म्हणाले की, आर्थिक वाढीच्या वाटेवर सरकारला एकट्यानं चालावं लागलं तर एकटं चालू. टीका बोचरी होती, पण सर्वांसमोर होती आणि दर ठरवण्याचं काम सुब्बारावांकडंच राहिलं.

दाब यशस्वी झाला की काय होतं ते तुर्कस्तानात दिसलं. जुलै २०१९ ते मार्च २०२१ या वीस महिन्यांत अध्यक्ष एर्दोगान यांनी तीन गव्हर्नर काढले. तिसऱ्यानं व्याजदर १९ टक्क्यांवर नेला आणि दोनच दिवसांत त्याची गच्छंती झाली. पुढं दर खाली आणले गेले, तिथलं चलन लिरा घसरत गेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली महागाई ८५ टक्क्यांच्या वर होती.

मग लोकमत कुठं चुकतं? माझ्या मते, व्याजदराबद्दलचं मत आणि गव्हर्नरवर आलेल्या दाबाबद्दलचं मत आपण एकाच पिशवीत भरतो. उद्यमनगरातल्या माझ्या एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. त्याच्यावर वीस लाखांचं बदलत्या दराचं कर्ज आहे. रेपो दर ६.५० वरून ५.२५ वर आला, तेवढाच फरक त्याच्या हप्त्यात उतरला तर वर्षाला पंचवीस हजार वाचतात. साहजिकच दर कमी करा म्हणून ओरडणारा मंत्री त्याला आपला वाटतो. त्याच बाकावर बसणाऱ्या निवृत्त शिक्षकांची दहा लाखांची ठेव आहे. दर एक टक्क्यानं उतरला की त्यांचे वर्षाचे दहा हजार जातात, आणि तोच मंत्री त्यांना घरफोड्या वाटतो. दोघांचीही गरज खरी आहे. पण मित्राला दर जास्त वाटला म्हणून दर उतरवायला गव्हर्नरची खुर्ची हलवणं योग्य ठरत नाही. काकूंनाही जास्त फॅट हवीच होती, आणि त्यासाठी त्यांनी काय मागितलं? नवा नमुना.

लोकांचं मत इथं नुसतं ऐकण्यापुरतं नसतं, ते बाजारभावात उतरतं. भाव वाढणारच असं व्यापाऱ्याला वाटलं की तो गुळाचे रवे गोदामात धरून ठेवतो, कामगार जास्त मजुरी मागतो, घरात तेलाचे दोन डबे जादा येतात, आणि भाव खरोखरच वाढतात. म्हणून तर रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी मोजक्या शहरांतल्या कुटुंबांना विचारते, पुढं महागाई किती वाढेल असं तुम्हांला वाटतं? गव्हर्नर दुसऱ्याच्या सांगण्यावरून आकडा लावतो अशी शंका एकदा बसली की नंतर लावलेल्या खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात अवघड बातमी ती, जिच्यात दाब जाबाचे कपडे घालून येतो. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, मुख्यालयाच्या नूतनीकरणाचा खर्च सुमारे अडीच अब्ज डॉलरवर गेला. इतका खर्च का वाढला, हा प्रश्न रास्तच आहे. त्या बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांना तो जून २०२५ मध्ये सिनेटच्या समितीत विचारला गेला आणि त्यांनी उत्तरंही दिली. २४ जुलैला डोनाल्ड ट्रम्प स्वतः बांधकामावर गेले. दोघांच्या डोक्यावर पांढरी हेल्मेटं, समोर कॅमेरे. ट्रम्प म्हणाले, खर्च ३.१ अब्जांवर गेलाय. पॉवेल यांनी मान हलवली. ट्रम्प यांनी कोटाच्या खिशातून कागद काढून दिला. पॉवेल यांनी तो वाचला आणि सांगितलं की यात तुम्ही तिसरी इमारत धरली आहे, तिचं काम पाच वर्षांपूर्वीच संपलंय. मग एका पत्रकारानं विचारलं, पॉवेल यांनी काय केलं तर तुम्ही टीका आवरती घ्याल? ट्रम्प यांचं उत्तर : व्याजदर कमी करावेत. त्या इमारतीचं नावसुद्धा उत्तरात नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये पॉवेल यांनी व्हिडिओतून जाहीर केलं की, त्याच जूनच्या साक्षीवरून न्याय खात्याची समन्सं आली आहेत आणि फौजदारी खटल्याची धमकी आहे.

आण्णांची नजर आता अधू झाली आहे, त्यामुळं पेपर मीच वाचून दाखवतो. हा कागदाचा प्रसंग मी त्यांना सविस्तर सांगितला. ते खाटेवर बसून ऐकत होते. तिसऱ्या इमारतीपाशी आलो तसं त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"म्हंजे नमुन्यात दुसऱ्याच्या किटलीतलं दूध घातलं की रं," ते म्हणाले. "आणि त्या बाप्यानं तिथल्या तिथं वळखलं?"

"ओळखलं."

"कॅमेऱ्यासमोर?"

"हो."

आण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "परत वाच तेवढं."