विज्ञानाचा पेपर कोण काढतो?

१८८४ सालची गोष्ट. अमेरिकेत हवामानाचं काम तेव्हा लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होतं आणि तिथल्या जॉन फिन्लीला टोर्नेडोंनी झपाटलं होतं. ढगातून सोंडेसारखं खाली उतरणारं हे वादळ काही मिनिटांत घरंदारं उचलून नेतं. ते कुठे येईल हे आधी सांगता येतं, असं फिन्लीचं म्हणणं. म्हणून देशाचे भाग पाडून तो प्रत्येक भागासाठी ‘येईल’ किंवा ‘येणार नाही’ असा अंदाज देऊ लागला. अशा २,८०३ अंदाजांचा हिशेब लागला तेव्हा २,७०८ बरोबर निघाले. म्हणजे ९६.६ टक्के.

आकडा ऐकून कोणीही मान डोलावेल. पण ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट दाखवून दिली. फिन्लीने डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘येणार नाही’ असंच म्हटलं असतं, तर तो ९८.२ टक्के बरोबर ठरला असता! कारण टोर्नेडो मुळातच दुर्मीळ. २,८०३ पैकी फक्त ५१ वेळा तो आला होता. खिडकीबाहेर डोकावण्याचीही तसदी न घेणारा माणूस फिन्लीच्या पुढे गेला असता.

इथे फिन्लीची टिंगल करून मोकळं होणं सोपं आहे, आणि बरेच जण तसं करतातही. मला मात्र त्यात अन्याय दिसतो. त्या ५१ पैकी २८ टोर्नेडो फिन्लीने आधी सांगितले होते. उपग्रह नाही, रडार नाही, हाताशी फक्त तारायंत्राने येणाऱ्या नोंदी. त्या काळात ही कामगिरी लहान नव्हे. ७२ वेळा त्याने ‘येईल’ म्हटलं आणि आलं नाही, हेही खरं. पण नेहमी ‘नाही’ म्हणणाऱ्याने एकही टोर्नेडो पकडला नसता, आणि तरी तोच पहिला आला असता. खोट फिन्लीत होती त्यापेक्षा जास्त गुण देण्याच्या पद्धतीत होती.

त्याच वर्षी चार्ल्स सँडर्स पर्स या तर्कशास्त्रज्ञाने वेगळी पद्धत सुचवली. जेव्हा जेव्हा वादळ आलं, त्यातलं किती प्रमाण आधी ओळखलं ते काढा. जेव्हा आलं नाही, त्यातल्या किती वेळा उगाच बोंब ठोकली ते काढा. पहिल्यातून दुसरं वजा करा. फिन्लीला या हिशेबाने साधारण ०.५२ मिळतात आणि नेहमी ‘नाही’ म्हणणाऱ्याला बरोबर शून्य. नेहमी ‘येणार’ म्हणणाऱ्यालाही शून्यच, कारण त्याने सगळी वादळं पकडली तरी बाकीच्या प्रत्येक वेळी बोंबही ठोकली!

पुढची कथा आणखी मजेदार आहे. १९५० मध्ये विल्यम यूडन या संख्याशास्त्रज्ञाने वैद्यकीय चाचण्या जोखण्यासाठी एक निर्देशांक मांडला. १९६५ मध्ये हान्सन आणि कायपर्स यांनी हवामानाच्या अंदाजांसाठी एक मांडला. गणित उलगडून पाहिलं तर दोन्हीकडे पर्सचंच सूत्र. एकच मोजपट्टी वेगवेगळ्या अंगणांत वेगवेगळी नावं घेऊन वावरते आहे. विज्ञानाच्या शाखा एकमेकींची पुस्तकं किती कमी उघडतात, याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

वैद्यकातली ही मोजपट्टी दोन आकड्यांवर उभी आहे. आजारी माणसांपैकी किती जणांना चाचणी ‘आजारी’ म्हणते, ती संवेदनशीलता. निरोगी माणसांपैकी किती जणांना ‘निरोगी’ म्हणते, ती विशिष्टता. याकोब येरुशाल्मी यांनी १९४७ मध्ये छातीचे एक्स-रे कोण किती नीट वाचतं, हे तपासताना या जोडीची मांडणी केली. दोन्ही आकडे चांगले असले की चाचणी चांगली, असं आपण गृहीत धरतो. पण जरा कागदावर मांडून पाहू. एक आजार शंभरात एकाला आहे. चाचणीची संवेदनशीलता ९९ टक्के, विशिष्टता ९५ टक्के. दहा हजार माणसं तपासली. आजारी १००, त्यातले ९९ सापडले. निरोगी ९,९००, त्यातल्या ५ टक्क्यांना, म्हणजे ४९५ जणांना चाचणीने उगाच आजारी ठरवलं. एकूण ५९४ जणांच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ असा कागद, आणि खरे आजारी त्यात ९९. म्हणजे साधारण सहात एक! चाचणी तीच ठेवून आजार शंभरात वीस जणांना असलेल्या गटात वापरली, तर पॉझिटिव्ह आलेल्या दर सहांपैकी पाच जण खरोखर आजारी निघतात. चाचणीत काहीच बदललं नाही, फक्त ती कोणाला लावली ते बदललं. अहवालाचा कागद हाती आल्यावर घाबरण्याआधी डॉक्टर लक्षणं विचारतात आणि दुसरी चाचणी सांगतात, त्यामागे हे गणित असतं.

या दोन आकड्यांची आपसात ओढाताणही असते. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसापुढे हाच पेच होता. प्रत्येक ठिपक्याला विमान म्हटलं तर एकही विमान निसटणार नाही, पण पक्ष्यांच्या थव्यांसाठीही भोंगे वाजतील. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं, तर भोंगे गप्प आणि विमान डोक्यावर. रेषा कुठे ओढायची हे यंत्र सांगत नाही. कुठली चूक जास्त महागात पडेल हे माणसाला ठरवावं लागतं. हा पेच मांडणारे, रडारच्या कामातून पुढे आलेले आलेख आज कर्करोगाच्या तपासणीपासून स्पॅम ईमेलच्या चाळणीपर्यंत सगळीकडे वापरले जातात.

हा झाला तुलनेचा प्रश्न. औषधाची तुलना औषध नसलेल्या नुसत्या गोळीशी, हवामानाच्या अंदाजाची तुलना ‘उद्याही आजच्यासारखंच’ असं म्हणणाऱ्याशी. समोर कोणीतरी आळशी स्पर्धक उभा केल्याशिवाय गुणांना अर्थ येत नाही. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: उत्तर आधीच कोणाला माहीत होतं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं टापा आपटून देत असे. त्याचा मालक भोंदू नव्हता. त्याचा स्वतःचा त्यावर मनापासून विश्वास होता. तज्ज्ञांच्या समितीलाही कुठे हातचलाखी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने एक बदल केला. ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही, अशा माणसाला त्याने प्रश्न विचारायला लावला. घोड्याची विद्या संपली! विचारणाऱ्याची मान आणि चेहरा बरोबर आकड्याला नकळत किंचित हलत असे, आणि हान्स ते टिपून थांबत असे. घोडा हुशार होताच. फक्त लोक समजत होते त्या विषयात नाही.

हान्सचे वंशज आज संगणकात आहेत. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेल्या एका मॉडेलची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या रुग्णालयांच्या एक्स-रेंवर ते शिकलं, तिथे त्याचे गुण उत्तम. परक्या रुग्णालयात ते घसरले. खोलात गेल्यावर दिसलं, की एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला आहे हे मॉडेलला जवळजवळ अचूक कळत होतं. तंत्रज्ञ फिल्मच्या कोपऱ्यात धातूची खूण ठेवतात, तीसुद्धा त्याला पुरत होती. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, दुसऱ्यात कमी. मग फुप्फुसाकडे बघण्याचे कष्ट कशाला?

याहून साधी चूक म्हणजे सरळ पेपर फुटणं. मॉडेलला शिकवायची माहिती वेगळी आणि परीक्षेची वेगळी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण एकाच रुग्णाचे दोन फोटो दोन्ही ढिगांत जातात. उद्याचा अंदाज करणाऱ्या मॉडेलला उद्याचीच नोंद चुकून दाखवली जाते. २०२३ मधल्या एका पाहणीने १७ शाखांतले सुमारे तीनशे शोधनिबंध अशा गळतीने बाधित झाल्याचं दाखवलं. लबाडी म्हणावी तर नाही. बहुतेकांना आपला पेपर फुटलाय याचा पत्ताच नव्हता.

पेपर न फुटण्याची सगळ्यात देखणी व्यवस्था मला प्रथिनांच्या अभ्यासकांची वाटते. अमिनो आम्लांच्या साखळीवरून प्रथिनाची घडी कशी पडेल हे सांगायचं, हा जुना हट्टी प्रश्न. ‘आम्हाला जमलं’ असं सांगणारे पुष्कळ, पण उत्तर माहीत असलेल्या प्रथिनावर जमणं म्हणजे काय जमणं? म्हणून १९९४ पासून दर दोन वर्षांनी ‘कॅस्प’ नावाची परीक्षा भरते. प्रयोगशाळांनी ज्यांची रचना नुकतीच शोधली आहे किंवा शोधत आहेत, पण जाहीर केलेली नाही, अशा प्रथिनांच्या साखळ्या स्पर्धकांना दिल्या जातात. उत्तरपत्रिका आधी, उत्तर नंतर. २०२० मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्ड या संगणकीय मॉडेलने इथे शंभरपैकी ९२.४ इतका मध्यक गुणांक मिळवला तेव्हा जगाने लगेच विश्वास ठेवला, कारण पेपर कंपनीने स्वतः काढलेला नव्हता. चार वर्षांनी त्या कामाला रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

प्रत्येक शाखेला अशी व्यवस्था परवडत नाही. मग ठरावीक अटींवर भागवावं लागतं, आणि त्या अटी विसरल्या की आकडा फसवतो. सौर पॅनेलवर छापलेली क्षमता दर चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश आणि पॅनेलचं २५ अंश तापमान धरून मोजलेली असते. कडक उन्हात पॅनेल सहज ५० अंशांच्या वर जातं आणि क्षमता घटते. महासंगणकांची क्रमवारी समीकरणांच्या एका ठरलेल्या गणितावर लागते. त्यात जपानच्या फुगाकूने ४४२ पेटाफ्लॉप्स गाठले (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज आकडेमोडी). स्मृतीतून सतत माहिती आणावी लागणाऱ्या, प्रत्यक्ष कामाच्या जास्त जवळच्या चाचणीत तोच संगणक १६ पेटाफ्लॉप्सवर आला, आणि तरीही त्या वेळी त्या यादीतही पहिलाच होता.

वैज्ञानिकांनाही असंच एका आकड्यात बसवण्याची हौस आहे. भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी २००५ मध्ये एच-निर्देशांक मांडला: तुमच्या २० शोधनिबंधांचा प्रत्येकी निदान २० वेळा संदर्भ घेतला गेला असेल, तर तुमचा निर्देशांक २०. जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा वर जातात हे हिर्श यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. नेमणुकांच्या समित्यांना एवढं वाचायला वेळ नसावा.

आणि मोजणाऱ्याचं काय? १७९६ मध्ये ग्रीनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्कलिन यांनी डेव्हिड किनब्रुक या मदतनिसाला कामावरून काढलं. तारा दुर्बिणीतल्या खुणेच्या बारीक तारेवरून जातो तो क्षण टिपण्यात तो मॅस्कलिनपेक्षा ०.८ सेकंद मागे पडत असे. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने नामांकित निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा कळलं की कुठल्याही दोघांच्या वेळा तंतोतंत जुळत नाहीत. प्रत्येकाचा डोळा-कान आपापला उशीर करतो. किनब्रुकची नोकरी मात्र गेली ती गेलीच. त्याच्याऐवजी मॅस्कलिनच पुढे असतील, ही शक्यता त्या काळी कोणाच्या मनात आली नसावी.

आजच्या भौतिकशास्त्राने यातून धडा घेतला तो टोकाचा. आपण अपेक्षित उत्तराकडे नकळत झुकतो, तर उत्तर स्वतःपासूनच लपवायचं! अमेरिकेतल्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेत म्यूऑन नावाच्या कणांवरच्या प्रयोगात मुख्य घड्याळाची गती किंचित बदलून ठेवली होती. नेमकी किती, ते प्रयोगाबाहेरच्या दोघांनाच ठाऊक, आणि आकडा पाकिटात बंद. जवळपास दोनशे संशोधकांनी सगळं विश्लेषण पुरं केलं, आता काहीही बदलणार नाही असं ठरवलं, आणि मगच २०२१ मध्ये पाकीट उघडलं.

गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातले सूक्ष्म तरंग, शोधणारे अमेरिकेतल्या ‘लायगो’ या जुळ्या वेधशाळांमधले लोक त्याच्याही पुढे गेले. काही मोजक्या लोकांना गुपचूप खोटा संकेत यंत्रात घुसवायची परवानगी होती. आरशांना अगदी तसाच हलका धक्का द्यायचा, जसा खऱ्या लहरीने बसेल. १६ सप्टेंबर २०१० रोजी एक सुरेख संकेत आला. दिशा बृहल्लुब्धक तारकासमूहाची (पाश्चात्त्यांच्या लेखी ‘मोठा कुत्रा’), म्हणून त्याचं टोपणनाव पडलं ‘बिग डॉग’. सहा महिने शेकडो माणसं त्यावर राबली. शोधनिबंध लिहून तयार झाला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बैठकीत सगळ्यांसमोर पाकीट उघडलं गेलं: संकेत खोटा होता. इतकी मेहनत अशी वाया घालवायची का, असं कोणालाही वाटेल. पण त्या दिवशी हे सिद्ध झालं, की खरा संकेत आला तर तो या लोकांच्या हातून निसटणार नाही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी, यंत्र सुधारून पुन्हा सुरू होत असताना, ०.२ सेकंदांचा एक संकेत दोन्ही वेधशाळांमध्ये उमटला. तो पडद्यावर दिसताच संशोधकांनी पहिली चौकशी केली ती हा कोणी घुसवलाय का, याची. उत्तर आलं, खोटे संकेत घुसवण्याची व्यवस्था अजून सुरूच झालेली नाही.