दोन एकर माळ आणि हरणांसाठी पाण्याची बशी

नाशिक जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. इगतपुरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर कोसळणारा पाऊस येवला-नांदगावकडे ५००-६०० मिमीवर येतो, आणि काळवीट राहतं ते नेमकं याच कोरड्या पट्ट्यात. येवल्याजवळचं ममदापूर-राजापूरचं राखीव क्षेत्र त्याच्यासाठीच आहे. आपण त्याला सरसकट हरीण म्हणतो, पण ते कुरंग (अँटिलोप) कुळातलं. त्याची शिंगं चितळ-सांबरासारखी दरवर्षी गळत नाहीत. पाणवठा बांधणाऱ्याने मात्र दुसरा फरक लक्षात ठेवायला हवा: चितळ झाडीच्या आडोशाला राहतं, तर काळवीट उघड्या माळावर. लांबून धोका हेरायचा आणि पळून सुटायचं, हाच त्याचा बचाव. पाण्याभोवती झुडपांची दाटी असली की ते बिचकतं.

म्हणून आपल्या माळावर हरणांसाठी पाण्याची बशी बांधायची तर जागा निवडताना घरापासून आणि रस्त्यापासून शक्य तितकं लांब जा. तीन बाजूंनी किमान ५० फूट मोकळं रान हवं. चौथ्या, शक्यतो पश्चिमेच्या बाजूला बोर, हिवर किंवा तरवडाचा एक पुंजका राहू द्या. तितर, लावे, ससे त्याच आडोशाने पाण्यावर येतात आणि दुपारनंतर पाण्यावर थोडी सावलीही पडते.

दोन एकरांना २ मीटर व्यासाची, मध्यभागी २० सेंमी खोल अशी बशी पुरते. काठापासून मध्यापर्यंत दर ५ फुटांना १ फूट, एवढाच उतार ठेवा. हा उतार महत्त्वाचा. उभ्या भिंतीच्या हौदात सरडे, पिल्लं, मधमाश्या बुडून मरतात आणि कुजलेल्या पाण्याकडे मग कोणी फिरकत नाही. अशा बशीत साधारण २०० लिटर, म्हणजे एक पिंप पाणी बसतं. मोठी बशी बांधायचा मोह टाळा. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी रोज सुमारे १० मिमी उतरते. एक चौरस मीटरवरचं १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. २ मीटर व्यासाची बशी भरलेली असताना दिवसाला ३० लिटर पाणी उडतं. व्यास ३ मीटर केला तर हाच आकडा ७० लिटरवर जातो, आणि टँकरचं पाणी असेल तर तो परवडत नाही.

काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकू नका. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि पहिल्याच उन्हाळ्यात बशीला भेग जाते. बशीच्या तळाखालची माती आणखी फूटभर काढा, मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने ठोका आणि त्यालाच बशीचा आकार द्या. वर १० सेंमी जाडीचं १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट, मधोमध कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी. सिमेंटच्या २ गोण्या, ५ घनफूट वाळू, १० घनफूट खडी एवढ्यात काम होतं. वरून गुळगुळीत घोटाई करू नका, खूर घसरतात. झाडूने आडव्या रेघा ओढा. दहा दिवस ओलं ठेवा. त्यानंतरची पहिली दोन-तीन भरणी ओतून द्या, कारण नव्या सिमेंटातून चुना सुटतो आणि पाणी क्षारीय होतं. हे सगळं फेब्रुवारीत उरकलं तर मार्चअखेर बशी तयार असते.

पुढचं काम खराट्याचं. दर पाचव्या-सहाव्या दिवशी बशी रिकामी करून घासा; डासाच्या अंड्याचा डास व्हायला उन्हाळ्यात आठवडाभर पुरतो. फिनेल, ब्लीचिंग पावडर नको. गावच्या शेळ्या-गुरांना त्या बशीवर पाणी पाजू नका, लाळ्या-खुरकूत दोन्हीकडे पसरतो.

आता दाण्याविषयी, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. मका-ज्वारी टाकली की हरणं येतील हे खरं, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू गवत-पाल्यावर जमलेले असतात. एकदम भरपूर दाणा पडला की तिथे आम्ल तयार होतं, पोट बिघडतं, जनावर दगावूही शकतं. शिळ्या भाकरीने तर मोकाट कुत्री येतात, आणि हरणाच्या पाडसांचा कुत्र्यांइतका वैरी दुसरा नाही. खायला गवतच द्या. अर्धा एकर जून ते ऑक्टोबर चराईबंद ठेवा, पावसाच्या सुरुवातीला मारवेल या चाऱ्याच्या गवताचे ठोंब दीड-दीड फुटावर लावा, बी गळल्यावर नोव्हेंबरमध्ये कापणी करा. अर्ध्या पट्ट्यातलंच गवत कापा. आखूड गवतात काळवीट चरतं, उंच गवतात मादी पाडस लपवते. असं एकटं निपचित पाडस दिसलं तर ते अनाथ नसतं. आई जवळपास असते. उचलू नका, मागे फिरा. वेडी बाभूळ आणि घाणेरी मात्र मुळासकट काढा, त्या गवताला जागाच ठेवत नाहीत.

रानात पाणी ठेवलं की जनावरांची ये-जा वाढते, तेव्हा आधी आपल्या विहिरीला ४ फुटी कठडा बांधा. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं असेल तर ते त्याहून घातक. त्या ५०० मायक्रॉनच्या गुळगुळीत कागदावर खूर टिकत नाही, जनावर काठाशी येऊन दहादा घसरतं आणि दमून बुडतं. तळ्याला कुंपण घाला आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत काथ्याच्या जाड दोरांची गाठी मारलेली जाळी तळापर्यंत सोडा, वरच्या टोकाला लोखंडी खुंटीला पक्की बांधा. द्राक्षबागेतली जुनी नायलॉन जाळी माळावर पडू देऊ नका, नराची शिंगं तिच्यात गुंततात. जनावर अडकलं किंवा पडलं तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. शेजारच्याचा हरभरा किंवा कांदा खाल्ला गेला तर त्याला वन विभागाकडे पंचनाम्यासाठी अर्ज करायला सांगा, भरपाईची तरतूद आहे.

आलं कोण, हे बघायला कॅमेरा लागत नाही. बशीभोवती हातभर रुंद फुफाटा पसरा, संध्याकाळी झाडूने सारखा करा आणि सकाळी बघा. सुरुवातीला होले आणि मुंगूसच दिसतील. काळवीट यायला एखादा उन्हाळा जातो. त्याचा खूर पुढे टोकदार आणि अरुंद उमटतो, शेळीचा बोथट आणि रुंद. कुत्र्याच्या पंजापुढे नखांचे ठिपके असतात. चार बोटांचा मोठा, गोलसर, नखांशिवायचा ठसा दिसला तर तो बिबट्याचा. तिथून पुढे बशी फक्त भर दिवसा भरायची, आणि शेळ्या रात्री बंद गोठ्यात.