भीती पुसली जात नाही

लहानपणी कुत्रा चावलेला माणूस चाळिशीतही समोरून कुत्रा आला की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. इतक्या वर्षांत एकदाही पुन्हा चावा बसलेला नसतो, तरी भीती तशीच. लोक म्हणतात, मन कमकुवत आहे. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण मानसशास्त्राच्या काही संज्ञा समजून घेतल्या तर दिसतं की त्याचं मन अगदी नियमानं चाललं आहे.

सुरुवात अभिसंधानापासून. इव्हान पावलोव्ह हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्यांना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ मोजताना त्यांच्या लक्षात आलं, की अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न आणणाऱ्याची चाहूल लागली तरी लाळ सुटते. मग त्यांनी मेट्रोनोमची, म्हणजे ठरावीक तालात ठोके देणाऱ्या यंत्राची, टिकटिक ऐकवून लगेच अन्न द्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीनं लाळ सुटू लागली. अन्नानं लाळ सुटणं उपजत, टिकटिकीनं सुटणं शिकलेलं. दोन गोष्टींची अशी सांगड बसणं म्हणजे अभिजात अभिसंधान.

भीतीची सांगडही अशीच बसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रोझली रेनर यांचा 1920 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याचाच. अकरा महिन्यांच्या बाळानं पांढऱ्या उंदराकडे हात नेला की त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. आधी उंदराला मुळीच न भिणारं ते बाळ मग उंदीर दिसताच रडू लागलं, सशाला आणि फरच्या कोटालाही घाबरू लागलं. भीती अशी सारख्या दिसणाऱ्या गोष्टींवर पसरते, त्याला सामान्यीकरण म्हणतात. बाळाची भीती घालवण्याचा प्रयत्न मात्र झालाच नाही. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आता विलोपन. टिकटिक ऐकवायची, पण अन्न द्यायचं नाही, असं केल्यावर पावलोव्ह यांच्या कुत्र्यांची लाळ हळूहळू थांबली. विलोपन हा शब्द इथे फसवतो, जुनं शिकणं पुसलं गेलं असं वाटतं. पण थोडा काळ मध्ये जाऊ दिला आणि पुन्हा टिकटिक ऐकवली, तर लाळ परत सुटायची. जुनी सांगड शाबूत होती. ‘आता काही येणार नाही’ हे नवं शिकणं तिच्यावर येऊन बसलं होतं, इतकंच. शिवाय हे नवं शिकणं जिथे घडलं त्या जागेला चिकटून राहतं. उपचारांच्या खोलीत कुत्र्याजवळ शांत बसलेला माणूस रस्त्यावर पुन्हा दचकतो. उपचार फुकट गेले, असा याचा अर्थ नाही. वेगवेगळ्या ठिकाणी सराव हवा, एवढाच आहे.

मग आपल्या चाळिशीतल्या माणसाचं काय? त्याच्या बाबतीत विलोपन सुरूच होत नाही. रस्ता ओलांडला की छातीतली धडधड थांबते, आणि त्या सुटकेमुळे पुढच्या वेळी रस्ता ओलांडण्याची सवय आणखी घट्ट होते. याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. हा शब्द बहुतेक जण शिक्षेच्या अर्थानं वापरतात, आणि ते सपशेल उलटं आहे. शिक्षेनं वागणं कमी होतं, प्रबलनानं वाढतं. नकारात्मक म्हणजे इथे वाईट नव्हे. नकोशी गोष्ट दूर झाली, एवढंच. दूर पळाल्यामुळे बरं वाटतं, पण हा कुत्रा काही करत नाही हे कळायची संधी प्रत्येक वेळी हुकते.

ही संधी हळूहळू कशी देता येते? मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची हकिगत मांडली. मुलगा आवडीचं काही खात बसला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायचा, आधी खूप लांब, मग थोडा जवळ. घाईनं जवळ नेला तर खाणंच भीतीशी जोडलं जाण्याचा धोका, म्हणून त्याला झेपेल तेवढंच अंतर कमी करायचं. मध्ये एका कुत्र्याला घाबरून तो पुन्हा पहिल्यासारखा झाला, तेव्हा सगळं नव्यानं करावं लागलं. अखेरीस त्यानं सशाला आपली बोटं हलकेच कुरतडू दिली.