सर्व्हरमधील हार्डवेअर बिघाडाचे निदान

सर्व्हर अचानक थांबला, आपोआप पुन्हा सुरू झाला किंवा काहीही न नोंदवता गोठला, तर त्यामागे एखाद्या भौतिक घटकाचा बिघाड आहे काय आणि असल्यास कोणत्या, हे ठरवण्याची ही पद्धत. संशय प्रामुख्याने मेमरी, पॉवर सप्लाय, प्रोसेसर, मदरबोर्ड, डिस्क आणि उष्णता यांच्यावर असतो. दर वेळी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) त्याच फंक्शनमध्ये क्रॅश होत असेल, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. दर वेळी वेगळ्याच, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी होत असेल, तर मेमरी किंवा विजेकडे पाहावे. ही खूण निर्णायक मात्र नाही, कारण दुसऱ्याच्या मेमरीवर लिहिणारा सदोष ड्रायव्हरही असेच चित्र उभे करतो.

पहिले काम पुरावा जपण्याचे. प्रोसेसरला आढळलेल्या हार्डवेअर चुका टिपणाऱ्या त्याच्या मशीन-चेक रजिस्टरांतील नोंद साध्या रीसेटनंतर सहसा टिकते आणि लिनक्स ती पुढच्या बूटच्या वेळी वाचू शकते. वीज पूर्ण तोडल्यास ती पुसली जाते. म्हणून गोठलेल्या सर्व्हरची केबल लगेच ओढू नये. मदरबोर्डवरील बीएमसी हा स्वतंत्र नियंत्रक मुख्य प्रणाली बंद असतानाही चालू राहतो. त्यातील घटना-नोंदवही आयपीएमआयटूल या आज्ञेने वाचून आधी जतन करावी, मगच रिकामी करावी. अनेक बोर्डांवर ती भरली की नव्या नोंदी घेतल्याच जात नाहीत. बीएमसीचे घड्याळ पुष्कळदा मागेपुढे असते, तेव्हा बीएमसी आणि मुख्य प्रणाली यांच्या नोंदींतील वेळा जुळवण्यापूर्वी तो फरक मोजावा. पुढच्या वेळेसाठी केडंप (क्रॅशच्या क्षणीची मेमरी जतन करणारी सोय) आणि नेटवर्कवर कर्नल-संदेश पाठवणारी सोय लावून ठेवावी, कारण डिस्क किंवा तिचा कंट्रोलरच गेला असेल तर शेवटचे संदेश डिस्कवर उतरत नाहीत.

मेमरीतील बिट आपोआप का उलटतात, याच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे यावर एकमत नाही. वॉलमार्क व मार्कस यांनी १९६२ मध्येच विश्वकिरणांमुळे (अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे) अतिसूक्ष्म घटकांत चुका होतील असे भाकीत केले होते. १९७५ मध्ये बाइंडर व सहकाऱ्यांनी उपग्रहांतील बिघाडांचा संबंध विश्वकिरणांशी जोडला. जमिनीवरील संगणकांपुरते पाहिल्यास इंटेलमधील मे व वुड्स यांचे १९७८ च्या सुमाराचे काम पहिले धरणे अधिक योग्य वाटते. चिपच्या वेष्टनातील युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण डीरॅममधील (संगणकाच्या मुख्य मेमरीच्या चिपमधील) विद्युतभार बदलतात, असे त्यांनी दाखवले. झिग्लर व लॅनफर्ड यांनी १९७९ मध्ये समुद्रसपाटीवरील विश्वकिरणांचा परिणाम मांडला.

या कामांमुळे ‘मेमरीतील चूक म्हणजे क्षणिक चूक’ हा समज दीर्घकाळ रुजला. गूगलच्या सर्व्हरांवर आधारित २००९ च्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलांत चुका आढळल्या, आणि एकदा चूक दाखवलेल्या मॉड्यूलात ती पुन्हा येण्याची शक्यता कितीतरी अधिक होती. जॅग्वार महासंगणकावरील २०१२ च्या अभ्यासातही कायमस्वरूपी दोषांचे पारडे जड ठरले. म्हणून त्याच मॉड्यूलात परत आलेली, आपोआप दुरुस्त झालेली चूक किरणांच्या माथी मारणे धोक्याचे आहे. ते मॉड्यूल बदलावे.

चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या पारंपरिक ईसीसी मेमरीत ६४ बिटांमागे ८ तपासणी-बिट असतात. रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० च्या लेखातील तत्त्वावर आधारलेल्या या रचनेत एका बिटाची चूक दुरुस्त होते, दोन बिटांची केवळ ओळखू येते. दुरुस्त न होणारी चूक कर्नलच्या स्वतःच्या डेटात आली, तर चुकीचा डेटा पुढे जाऊ नये म्हणून प्रणाली मुद्दाम थांबवली जाते. लिनक्सवर हार्डवेअर चुका नोंदवणाऱ्या ईडॅक किंवा रासडीमनच्या नोंदींतून चॅनेल व स्लॉट कळतो. मग संशयित मॉड्यूल दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवावे. चूक मॉड्यूलाबरोबर गेली तर मॉड्यूल सदोष. जागीच राहिली तर स्लॉट, सॉकेटच्या पिना किंवा प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर. एका वेळी एकच बदल करावा. मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा, एका फेरीवर विसंबू नये. ईसीसी चालू असल्यास दुरुस्त झालेल्या चुका चाचणीला बहुधा दिसत नाहीत, म्हणून घटना-नोंदवहीही पाहावी.

पॉवर सप्लायचा दोष बहुधा भार वाढल्यावरच उघड होतो. पॉवर सप्लायसाठीच्या एटीएक्स मार्गदर्शिकेच्या जुन्या आवृत्त्यांनुसार १२ व्होल्ट वाहिनी ११.४० ते १२.६० या मर्यादेत हवी, आणि तरंग (व्होल्टेजमधील जलद चढउतार) १२० मिलिव्होल्टपर्यंत चालतो. मल्टिमीटरवर हा तरंग दिसत नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. दोन सप्लाय असतील तर प्रत्येकावर एकट्याने पूर्ण भार टाकून पाहावा. फुगलेले कॅपॅसिटर दिसले तर बोर्ड बदलावा.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या स्मार्ट नोंदींत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे (खराब सेक्टरांचे) आकडे वाढत असतील तर पृष्ठभाग खराब होत आहे. फक्त १९९ (केबलवरून डेटा जाताना होणाऱ्या चुका) वाढत असेल तर आधी केबल बदलावी. उष्णतेसाठी पंख्यांचा वेग व तापमानाच्या नोंदी पुरेशा होतात.

प्रोसेसरचा एखादाच कोर (त्यातील स्वतंत्र गणन-एकक) चुपचाप चुकीचे उत्तर देऊ शकतो, हे गूगल व फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये मांडले. अशा वेळी सहसा कोणतीही मशीन-चेक नोंद उमटत नाही. तेच काम एकेका कोरला बांधून चालवावे, उत्तरे ताडावीत आणि वेगळे उत्तर देणारा कोर बंद करून प्रोसेसर बदलण्यास पाठवावा.