ॲडिनॉइडच्या ऑपरेशनसाठी लहान मुलांना द्यायची भूल

ॲडिनॉइड म्हणजे नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर असलेली गाठ. ती वाढली की मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं, कानात पाणी साठतं. ऑपरेशन तसं थोड्या वेळाचं, पण भूल कुठली द्यायची हा प्रश्न त्याहून मोठा, कारण सर्जनला काम करायचंय ती जागा आणि मुलाची श्वासाची वाट एकच आहे आणि रक्तही तिथेच येतं.

कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये हा आजार नीट मांडला, ते नाकातून रिंगसारखी सुरी घालून गाठ काढायचे. पुढे अशा छोट्या ऑपरेशनला वरवर क्लोरोफॉर्म द्यायची पद्धत पडली आणि अधूनमधून मूल टेबलावरच दगावायचं. ते का, यावर मोठा वाद झाला. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी म्हणायचे की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, म्हणून नाडी धरून बसू नका, श्वास बघा. निजामाच्या आश्रयाने १८८८-८९ च्या सुमारास दोन कमिशनं बसली, दुसऱ्यासाठी इंग्लंडहून लॉडर ब्रंटन आले, प्राण्यांवर ढीगभर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूने गेला. हैदराबादलाच शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म द्यायच्या, काहीजण त्यांना जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानतात, 'पहिल्यांपैकी एक' म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

१९११ च्या आसपास गुडमन लेव्हीने मांजरांवर दाखवलं की भूल अर्धवट असताना अंगात ॲड्रेनॅलिन वाढलं की हृदयाची लय बिघडून ते एकदम बंद पडू शकतं. घाबरलेलं, रडून लाल झालेलं, वरवर भूल दिलेलं मूल म्हणजे नेमकी हीच परिस्थिती, त्यामुळे क्लोरोफॉर्मपुरतं लेव्हीचंच म्हणणं पटतं. मधल्या काळात मात्र, बहुधा व्हिएन्नाच्या पाल्टाउफच्या १८८९ च्या मांडणीपासून, मुलाचाच थायमस (छातीतली एक ग्रंथी) आणि गाठी मोठ्या होत्या म्हणून ते गेलं असं सांगितलं जायचं. १९३० नंतर ही कल्पना मागे पडली, पण तोवर कितीतरी आईबापांना दोष लेकराच्या शरीरातच होता असं ऐकावं लागलं, हे वाचताना आजही त्रास होतो.

सोव्हिएत काळात आणि नंतर रशियातही बरीच वर्षं फक्त तेवढी जागा बधिर करून, मुलाला चादरीत गुंडाळून नर्सच्या मांडीवर धरून गाठ काढायचे. आता तिथेही पूर्ण भुलीकडे कल आहे, आणि तेच योग्य.

आज बहुतेक ठिकाणी पूर्ण भूलच देतात. मास्कमधून सेव्होफ्लुरेन हे हुंगायचं भुलीचं औषध दिलं की सुईशिवाय मूल झोपतं, पण उठताना काही मुलं ओळख न दाखवता रडतात, हातपाय झाडतात. सलाईन आधीच लावलेलं असेल तर शिरेतून प्रोपोफॉल, त्याने हा गोंधळ आणि उलट्या दोन्ही कमी. श्वासासाठी १९७५ पासून वापरात असलेली, श्वासनलिकेत घालायची, हनुवटीकडे वळणारी आरएई नळी की घशात स्वरयंत्रावर बसणारा मऊ लॅरिंजियल मास्क, यावर भूलतज्ज्ञांत दोन मतं आहेत: नळीने श्वासनलिका रक्तापासून जास्त सुरक्षित, मास्कने उठताना खोकला कमी, पण तोंड उघडं ठेवणारा गॅग लावताना तो सरकू शकतो. लहान किंवा घोरताना श्वास अडकणाऱ्या मुलात नळीच बरी.

सर्दी-खोकला ताजा असेल तर स्वरयंत्र आवळून श्वास अडायचा धोका वाढतो, म्हणून साधारण दोन आठवडे थांबतात, पालकांनी हे लपवू नये. मेंदूवर परिणाम होईल का ही भीती समजण्यासारखी आहे, पण अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालच्या मुलांत तीन तासांहून लांब किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलीबद्दल होता. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल देतात. कोडीन नको, काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फीन फार पटकन होतं आणि श्वास मंदावतो, २०१३ मध्ये एफडीएने या ऑपरेशननंतर ते द्यायला मनाई केली.

नळी काढायच्या आधी भूलतज्ज्ञ पडजिभेच्या मागे सक्शन फिरवतो. तिथे गोठलेलं रक्त समोरून दिसत नाही, आणि मूल उठल्यावर तोच गोळा खाली घसरला तर श्वासनलिका बंद होते. इंग्रजीत त्याला कॉरोनरचा क्लॉट म्हणतात, कॉरोनर म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी.