उणे तीसमध्ये ऑटोमॅटिक गाडीचा गिअर उशिरा का पडतो?

कॅनडातल्या विनिपेगला जानेवारीत सकाळी उणे ३० असणं काही नवीन नाही. पण इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी गाडी चालू केली, लिव्हर आर (रिव्हर्स) वर टाकला आणि गाडी हलेचना, एक दोन तीन मोजून झाले तरी नाही, आणि मग एकदम हिसका देऊन मागे सरकली. रस्त्याला लागल्यावर दुसऱ्याचा तिसरा पडायला इतका वेळ की इंजिन नुसतं ओरडतंय. मला वाटलं गिअरबॉक्स गेला. गॅरेजवाला म्हणाला वीस मिनिटं चालवून आण मग बघू, आणि खरंच तेवढ्या वेळात गिअर लोण्यासारखे पडायला लागले.

मॅन्युअल गाडीत गिअर आपला हात टाकतो. ऑटोमॅटिकमध्ये तो हात म्हणजे ऑइल. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून जाते, तिथे ऑइलमध्ये बुडालेले दोन पंखे समोरासमोर असतात, एकाला इंजिन फिरवतं आणि त्याने फेकलेल्या ऑइलने दुसरा फिरतो. पुढे प्रत्येक गिअरसाठी आत क्लचच्या चकत्या आहेत, त्या दाबून धरतं तेही ऑइलचं प्रेशर, आणि हे ऑइल कुठे जायचं ते वाल्व्ह बॉडी ठरवते, म्हणजे मुंग्यांच्या वारुळासारखे बारीक बारीक मार्ग कोरलेला एक धातूचा ठोकळा.

आता हेच ऑइल घट्ट झालं तर? पाण्याचा घट्टपणा साधारण १ सेंटिपॉइज धरा. गरम गिअरबॉक्समधलं ऑइल ५ च्या आसपास असतं. २००५ साली आलेल्या डेक्सरॉन ६ या गिअरबॉक्सच्या ऑइलला उणे ४० ला १५,००० पर्यंत जायची मुभा आहे, आणि हे चांगलं ऑइल बरं का! म्हणजे पाण्यासारखं वाहणारं ऑइल काकवीसारखं होतं, ते पंपाने फिल्टरमधून ओढायचं, बारीक मार्गांतून ढकलायचं आणि क्लचमागची जागा भरायची, ती भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही आणि भरली की हिसका. त्यात थंडीने रबरी सील कडक होतात, मग आहे ते प्रेशरही थोडं निसटतं.

गिअर उशिरा बदलतो त्यात मात्र कॉम्प्युटरचाही हात असतो. आत ऑइलचं तापमान मोजणारा सेन्सर आहे, ऑइल थंड असेल तर बऱ्याच गाड्या मुद्दाम वरचा गिअर टाकत नाहीत आणि कन्व्हर्टर लॉकही (दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट जोडणं) करत नाहीत, म्हणजे ऑइल घुसळलं जाऊन लवकर तापावं. पेट्रोल जास्त जातं पण बिघाड नाही तो.

इथे जवळजवळ प्रत्येक गाडीच्या ग्रिलमधून इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरचा प्लग लोंबत असतो, रात्री लावून ठेवला की सकाळी इंजिन पटकन चालू होतं आणि आपल्याला वाटतं गाडी गरम आहे. गरम आहे ते इंजिन. गिअरबॉक्स रात्रभर गारच. आणि पी (पार्क) मध्ये अर्धा तास उभी ठेवूनही फार फरक पडत नाही, कारण दोन्ही पंखे जवळपास एकत्रच फिरत राहतात, ताक घुसळल्यासारखं ऑइल घुसळतं ते गाडी चालायला लागल्यावर. म्हणून मी एक-दोन मिनिटं थांबतो, डी (ड्राइव्ह) टाकल्यावर गाडीने गिअर पकडल्याचं जाणवेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावत नाही, आणि पहिले आठ-दहा किलोमीटर अगदी हळू. थंड गाडी रेस करून बर्फातून बाहेर काढणं हा सगळ्यात वाईट प्रकार, अर्धवट दाबलेल्या चकत्या घासून जळतात.

लडाखला हिवाळ्यात ऑटोमॅटिक गाडी घेऊन जाणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे, निफाडच्या थंडीत मात्र काळजी नको.

एक अजून. गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) असेल तर गार गाडीत लेव्हल बघून ऑइल ओतू नका, थंडीत ते आकसून कमी दिसतं आणि तापल्यावर जास्त होऊन फेसाळतं. आणि गाडी हलवल्यावर खालच्या बर्फावर गिअरबॉक्सच्या ऑइलचे लाल ठिपके दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा, कारण उन्हाळ्यात सील मऊ होऊन गळती थांबू शकते आणि मग पुढच्या थंडीपर्यंत कोणाला आठवतही नाही.