काळी गाडी : काय घ्यावं, कशी धुवावी, कशावर पैसे घालवू नयेत
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

काळी गाडी घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते : "रोज पुसून घेतो हो, तरी वर्षभरात जुनी दिसायला लागली." रोज पुसल्यामुळेच ती तशी झालेली असते.

नुसती धूळ बसल्याने रंगाचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या धुळीवर कोरडं फडकं फिरवल्याने. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचे आणि बांधकामाचे कण असतात, आणि गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो, त्याच्यापेक्षा ते कितीतरी कठीण असतात. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून पातळ. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत राहिलं की काचेचं जे होतं, तेच इथे होतं.

पांढऱ्या गाडीलाही इतकेच चरे पडतात, पण चऱ्यावरून विखुरलेला उजेड पांढऱ्यात मिसळून जातो. काळ्यावर प्रत्येक रेघ चमकते. रात्री पेट्रोल पंपावर एलईडी दिव्याखाली बॉनेट बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. चरे प्रत्यक्षात गोल नसतात, सगळ्या दिशांनी असतात. उजेडाला आडवे असलेलेच तेवढे उठून दिसतात. यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात.

सकाळी गाडी पुसणारे दादा

सोसायटीत एक बादली आणि एक फडकं घेऊन रांगेने गाड्या पुसल्या जातात. तुमच्या आधीच्या सगळ्या गाड्यांची माती त्याच पाण्यात असते. दादांचा यात दोष नाही. त्यांना तेवढा वेळही मिळत नाही आणि पाणीही. आमचा सल्ला असा, की पैसे तेवढेच द्या, पण त्यांच्याकडून फक्त काचा, चाकं आणि आतली सफाई करून घ्या. बाहेरून हात लावू नका म्हणून स्पष्ट सांगा. आठवडाभर गाडी धुळीची दिसली तर दिसू द्या. दोऱ्यांचा डस्टरही नको, तो मेण लावलेला असला तरी. आणि धुळीच्या गाडीवर कव्हर तर मुळीच घालू नका. उघड्या पार्किंगमध्ये वाऱ्याने कव्हर हलतं आणि दिवसभर घासत राहतं.

पाणी : निम्मा प्रश्न इथेच

पुण्यात वाकड, हिंजवडी, उंड्री भागातल्या बऱ्याच सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. या जड पाण्याचे थेंब काळ्या बॉनेटवर उन्हात सुकले की मागे क्षारांची पांढरी कडी उरतात. ती ताजी असताना निघतात, राहिली तर थरात खड्डे पाडतात. म्हणून उन्हात धुऊ नका, तापलेल्या बॉनेटवर तर नाहीच. सकाळी लवकर किंवा सावलीत धुवा, आणि थेंब आपोआप सुकायची वाट न बघता लगेच टिपून घ्या.

घरच्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी गाडीसाठी जपून ठेवणारे बरेच जण भेटतात. फरशीसाठी ते उत्तम, काळ्या गाडीसाठी वाईट, कारण यंत्राने बाजूला काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवा. ते हवेतल्या बाष्पाचं असल्याने त्यात क्षार जवळपास नसतातच. फडक्यातून गाळून शेवटच्या धारेसाठी वापरा, डाग पडत नाहीत आणि खर्चही नाही.

डाग पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि आरओचं शुद्ध पाणी निम्मं-निम्मं घ्या, मायक्रोफायबर त्यात भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, मग शॅम्पूने धुऊन टाका. पृष्ठभाग थंड हवा. एवढ्याने गेले नाहीत तर डाग थरात उतरले आहेत. घासू नका, आमच्याकडे किंवा दुसऱ्या चांगल्या माणसाकडे दाखवा.

धुवायची पद्धत

चाकं आधी, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या फडक्याने. मग पूर्ण गाडीवर नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर. प्रेशर वॉशर असेल तर हातभर अंतर ठेवा. त्यानंतर दोन बादल्या : एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत. हात सरळ रेषेत चालवा, गोल गोल नाही. टपापासून सुरुवात, आणि दारांचा चिखलाने भरलेला खालचा पट्टा अगदी शेवटी. हातातून खाली पडलेलं फडकं पुन्हा बॉडीला लावू नका, ते आता चाकांचं.

पुसायला जाड, लांब दोऱ्यांचा टॉवेल घ्या, पाकिटावर 800 जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाचा जाडपणा) किंवा जास्त लिहिलेला. तो गाडीवर पसरायचा आणि अलगद ओढायचा, दाबायचा नाही. मायक्रोफायबर घरच्या सुती कपड्यांबरोबर धुऊ नका आणि फॅब्रिक कंडिशनर लावू नका, नाहीतर ते पाणी शोषायचं बंद करतात.

सोसायटीत पाइप लावायला बंदी असेल, तर रिन्सलेस वॉश नावाचं द्रव मिळतं. बाटलीवरच्या प्रमाणात एका बादलीत मिसळा. वरून पाणी मारावं लागत नाही. हलक्या धुळीला ते पुरतं, पावसाळ्यातल्या चिखलाला नाही.

काय विकत घ्यावं

शॅम्पू गाडीचाच, पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही) लिहिलेला. भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर वॅक्स उतरवून टाकते. ब्रँडवरून आम्ही वाद घालत नाही. थ्रीएम, टर्टल वॅक्स, वेवेक्स, मेगुआयर्स, जे सहज मिळेल ते घ्या. शॅम्पूवर वाचवलेले पैसे चांगल्या कापडांवर घाला. डिझेल किंवा रॉकेलच्या बोळ्याने आलेली चमक तासाभराची असते. वर धूळ चिकटते आणि रबर फुगतं.

कार्नोबा या वनस्पतीजन्य वॅक्सने काळा रंग जितका खोल दिसतो तितका आमच्या मते दुसऱ्या कशानेच दिसत नाही. पण आपल्या उन्हात ते महिना-दोन महिन्यांत संपतं. सीलंट, म्हणजे कृत्रिम वॅक्स, काही महिने टिकतो. शोरूममध्ये 'टेफ्लॉन' म्हणून जे विकतात ते बहुधा याच जातीचं असतं, किंमत मात्र दुसऱ्याच जातीची.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसवलेला टिकाऊ संरक्षक थर, आम्हीही करतो, म्हणून त्याबद्दल खरं काय ते सांगतो. जाहिरातीतलं '9एच' हे पेन्सिलच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचं आहे, दगडांच्या नाही. खडा लागला किंवा कोरडं फडकं फिरलं तर चरा पडणारच. धुणं सोपं होतं, चमक टिकते. पण पाण्याचे थेंब गोल उभे राहतात आणि जड पाणी असेल तर डागही ठसठशीत पडतात. धुऊन लगेच पुसायची सवय नसेल तर सिरॅमिक करू नका. खड्यांपासून वाचवायचं असेल तर पीपीएफ ही पारदर्शक फिल्मच कामाची. ती महाग आहे, निदान बॉनेट आणि पुढच्या बंपरला लावली तरी चालते.

पॉलिश म्हणजे थर घासून पातळ करणं. दर सर्व्हिसिंगला 'रबिंग-पॉलिश' करून घेऊ नका. स्वस्तातलं पॉलिश तर चऱ्यांत तेलकट पदार्थ भरून ठेवतं आणि दोन-तीन धुण्यांत चरे परत दिसतात. गाडी ताब्यात घेण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक भाग पुसून दाखवा, असं सांगा. त्याने भरलेला तेलकट पदार्थ निघतो आणि चरे खरंच गेलेत का ते दिसतं. आम्हालाही सांगा.

नवी गाडी बुक केली असेल तर डीलरला लेखी कळवा : डिलिव्हरीआधी धुऊ नका, पॉलिश करू नका. बऱ्याच काळ्या गाड्यांना पहिले चरे तिथेच पडतात.

झाडं, पक्षी आणि दसरा

पक्ष्यांची घाण आणि आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत पडणारा चिकटा उन्हात तासाभरातही डाग पाडू शकतो. डिकीत पाण्याची बाटली आणि दोन स्वच्छ कापडं ठेवा. ओलं कापड दोन मिनिटं वर ठेवायचं, मग उचलायचं. खरवडायचं नाही.

दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं तर जरूर काढा, पण आधी गाडी धुतलेली असू द्या आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाण्याने उतरवा. सुकलेलं कुंकू कोरडं पुसू नका. झेंडूचा हार तारेत ओवलेला नको, दोऱ्यातला घ्या, आणि गाडी चालवण्याआधी काढून ठेवा.

मॅट काळ्या गाड्यांना यातलं वॅक्स आणि पॉलिश लागू नाही. घासलं की तेवढाच भाग चकाकतो आणि परत मॅट होत नाही. त्यांचा शॅम्पू वेगळा मिळतो, आमच्याकडे ठेवलेला असतो.

पॉलिश किंवा सिरॅमिकसाठी गाडी आमच्याकडे दोन दिवस ठेवावी लागते आणि सिरॅमिकनंतर आठवडाभर शॅम्पू लावता येत नाही. पाडवा आणि दसऱ्याच्या आधी गर्दी असते, तेव्हा थोडं आधी कळवा. नुसती गाडी बघून काय करावं हे सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही.